शेरा

कोंडवाड्याच्या भिंतीला भिंत लागून
आमचं वाचनालय. वर्ग ड.
ढोर सोडवायला आलेला माणूस
दंडाची पावती फाडेपर्यंत
आमच्या बाकावर टेकतो, पेपर चाळतो.
त्यालाही मी हजेरीत धरते.
वर वाचक मोजून लागतात.

वर्षाचे हप्ते दोन.
पहिला दिवाळी उलटल्यावर,
दुसरा मार्चच्या शेवटच्या रात्री, इतका घाईत
की खर्चही त्याच रात्री दाखवायचा.
त्यात माझं मानधन, विजेचं बिल, चार पेपर,
डांबरगोळ्या,
आणि उरलेच तर पुस्तकं.
कोंडवाड्याचा दर औंदा वाढला.
म्हैस शंभर, बकरी चाळीस.
आमचा वाढणार, हे मी सात वर्षं ऐकते.

शाळेत उईके सर होते, चित्रकलेचे, तासिकेवर.
तासाचे किती मिळायचे ते विचारू नका,
दारव्ह्याहून यायचं पेट्रोलही त्यात बसत नव्हतं.
तरी नऊ पोरं त्यांनी एलिमेंटरीला बसवली.
मग कागद आला : पद मंजूर नाही.
तास मात्र वेळापत्रकात आहे अजून,
बुधवारी पाचवा.
त्यात पोरं मैदान झाडतात.
प्रगतिपुस्तकात कला : अ.
सगळ्यांना अ.

फेब्रुवारीत तपासणी आली.
लांजेवार साहेबांनी दाखल नोंदवही उघडली,
बोट फिरवलं, थांबवलं.
अकराशे त्रेचाळीस. पक्ष्यांचं. रंगीत. तीनशे वीस रुपये.
"कुठं आहे?"
"बाहेर."
"कोणाच्या नावावर?"
नाव नव्हतं.
सातवीतल्या रविना आडेकडे अनामतीचे पन्नास नव्हते,
आणि माझ्याकडे नाही म्हणायचं तोंड नव्हतं.
"चला साहेब," म्हटलं, "दाखवते."

शाळेची मागची भिंत.
पळस उकळून काढलेला केशरी,
हळद, गेरू, चुलीची काजळी,
नीलकंठाला कपड्याची निळ,
ती अर्ध्या पंखावर संपलेली.
पोपट दोन. धनेश एक, चोच जरा जास्तच.
खाली सांधीत एक करडं पाखरू,
शेपटी वर करून.

साहेब वाकले. "हे कोणतं?"
रविनानं हात फ्रॉकला पुसले.
"हे तांड्यावर येते. नाव नाई मालूम.
पुस्तकात नोयतं."

परत येऊन साहेब खुर्चीत बसले.
शेऱ्याच्या रकान्यात तीनच गोष्टी बसतात :
गहाळ, जीर्ण, बाद.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
पलीकडे कोणाचं तरी गोऱ्हं हंबरत होतं.
त्यांनी लिहिलं, बारीक अक्षरात : शाळेकडे.
आणि खाली, नेहमीच्या अक्षरात :
वाचकसंख्या अपुरी. स्वच्छतागृह नाही.
दर्जावाढीची शिफारस करता येत नाही.
चहा घेतला, पैसे द्यायला निघाले,
मी घेतले नाहीत.
नंतर वाटलं, घ्यायला हवे होते.

जूनमध्ये पुस्तक परत आलं.
पाठ उसवलेली. नीलकंठाच्या पानावर
हळदीचा अंगठा, रेघ न् रेघ दिसेल असा.
नियमानं हे जीर्ण.
पण आमच्या जुन्या दप्तरात
सही न येणाऱ्यांचे अंगठेच तर आहेत,
ते कुठं कोणी बाद केले?
तिच्या कार्डाचा कोरा रकाना
मी त्या पानाशी धरून पाहिला.

दुसरा हप्ता अजून आलेला नाही.
डांबरगोळ्या उधार आणल्या, त्या कपाटात ठेवल्या.
अकराशे त्रेचाळीस मात्र बाकावरच असतं.
काल एका बाप्यानं ते उघडलं,
म्हैस सुटेस्तोवर पाहत राहिला,
मग म्हणाला, "बाई, यात आमच्या शिवारातलं
एक नाई सापडत."

मी त्याला पेन्सिल दिली.